गिटारवाल्याचा सत्कार

असोद्याचा तोताराम नारखेडे केळीच्या बागेत इंग्रजी गाणी लावायचा, आणि त्यावरून अख्ख्या गावाने त्याची खेचायची, हा पंधरा वर्षांचा शिरस्ता होता. विहिरीजवळच्या मोटरच्या खोलीत त्याने टेपरेकॉर्डर ठेवलेला. मोटर सुरू झाली की टेप सुरू. कुणी म्हणायचं, तोताभाऊच्या बागेत रानडुक्कर फिरकत नाही ते काही कुंपणामुळे नव्हे. कुणी विचारायचं, याच्या घरचं कोन मेलं, एवढा कायले बोंबलून रायला? तोताराम आधी हसायचा. मग हसेनासा झाला. लग्न झालं, दोन पोरं झाली, कानाजवळ पांढरं दिसायला लागलं, तरी लोकांचा विनोद तोच. अरे, चिडवायचंच तर निदान नवं काहीतरी काढा. तेवढीही मेहनत नको यांना.

हे वेड त्याने धुळ्याहून आणलं. ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट, शेतकी कॉलेजात होता तेव्हाची. खोलीतला जोडीदार शिलाँगचा. त्या पोराला मराठी येत नव्हतं, याला इंग्रजी बोलता येत नव्हतं, आणि मेसवाल्या मावशी दोघांना सारख्याच अहिराणीत दटावायच्या, ‘बठ्ठं खाई ल्या रे भाऊ,’ म्हणजे सगळं संपवा. तेव्हा बोलण्याचं काम टेपकडे. पहिल्या दिवशी तोतारामला वाटलं, मशीन बिघडलं. आठवड्याने वाटलं, यात काहीतरी आहे. परीक्षा येईपर्यंत तो कानात प्राण आणून ऐकत होता. डीप पर्पल, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, आणि उलटी गिटार धरून डाव्या हाताने वाजवणारा तो अमेरिकन, सत्ताविसाव्या वर्षीच गेलेला.

या सगळ्यांबद्दल तो भावकीतल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचा. ‘झेपेलिनचा ड्रमवाला ऐंशीत गेला,’ तो सांगायचा, ‘तर बाकीच्यांनी दुकानच बंद केलं. त्याच्या जागी दुसरा आणून बसवला नाही. आपल्याकडे सोसायटीचा चेअरमन मरू द्या, तेराव्याच्या आत खुर्चीला चार जण लोंबकळतात.’ ऐकणारा मान डोलवायचा आणि कापसाचा भाव विचारायचा.

ऐकून घेणारा माणूस एकच, पिंप्राळ्याचा अय्युब. त्याचा स्पीकर-मंडपाचा धंदा. टेप दुरुस्तीला घेऊन गेलेल्या तोतारामने कॅसेट लावली, आणि गिटारचा पहिला फाटका, खरखरीत आवाज आला तेव्हा अय्युबने धावत जाऊन स्पीकरचा पडदा तपासला. पडदा शाबूत होता. ‘मतलब हा आवाज असाच आहे? मुद्दाम केलेला?’ त्याने विचारलं, आणि मग दुकानाचं अर्धं शटर ओढून दोन्ही बाजू ऐकल्या. त्या दिवसापासून दोघांची गट्टी.

पण कॅसेट ती कॅसेट. समोर उभा राहून, बोटांनी तारा दाबून, आपल्या डोळ्यांदेखत असं वाजवणारा माणूस तोतारामने जन्मात पाहिला नव्हता. पंच्याण्णव साली डीप पर्पलवाले चक्क मुंबईत येऊन वाजवून गेले. आमच्या जळगावच्या पेपरांत त्याची बातमी कुठली यायला? नगरसेवकाच्या वाढदिवसाला पान पुरत नाही. वाजवून झाल्यावर मुंबईचा एक पेपर फिरत फिरत एसटी स्टँडवर त्याच्या हाती लागला. त्यात मूळचा गिटारवाला आलाच नव्हता म्हणे, बँड सोडून गेलेला. तेवढ्यावर समाधान मानायचं. लताबाई, त्याची बायको, म्हणाली, ‘तुमी एवढे तापता ना, त्याचंच लोकांना हसू येतं.’ त्यावर तो दोन दिवस तिच्याशीही धड बोलला नाही.

आणि इथे जे कार्यक्रम व्हायचे ते पाहून तर त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जळगाव घ्या, धुळं घ्या, गाणाऱ्याने तोंड उघडायच्या आधी दिवा पेटवायचा, स्वागतगीत म्हणायचं, पाहुण्यांचा परिचय करून द्यायचा, शाल, नारळ, मग ज्यांना नारळ दिला त्यांचं मनोगत. धुळ्याच्या गॅदरिंगला एक बाई मल्हार गात होत्या. चांगला रंगला होता. तेवढ्यात कुणी सभापती उशिरा आले, म्हणून त्यांना मधेच थांबवून हार घालण्यात आला. हार कुणाला, तर सभापतींना. बाई तंबोऱ्याला टेकून बसून राहिल्या. तोताराम तेव्हा विद्यार्थी होता, वसतिगृहात येऊन त्याने बादलीला लाथ मारली होती. गाणं म्हणजे यांना पाहुणे येईपर्यंत लोकांना बसवून ठेवायची सोय वाटते, असं तो म्हणायचा, आणि यात काय खोटं होतं ते मला तरी सांगता येणार नाही.

तर शहाण्णवच्या जानेवारीत केळी बागायतदार मंडळाचा रौप्यमहोत्सव आला. मंडळाचे अध्यक्ष रतिलाल आबा, म्हणजे तोतारामचे सख्खे चुलते. धोतर-टोपीतला कडक माणूस. पुतण्याची गाणी त्यांना ऐकवत नसत. बागेवरून जाताना जीप थांबवून ते म्हणायचे, ‘तोता, बंद कर ते किंचायनं. केयीचे घड गयतीन.’ असल्या किंचाळण्याने घड गळून पडतात अशी त्यांची खात्री होती. महोत्सवासाठी मुंबईचा ऑर्केस्ट्रा ठरला, जळगावच्या मैदानावर. स्पीकर अय्युबचे.

कार्यक्रमाच्या दुपारी अय्युबने रिक्षावाल्याबरोबर निरोप धाडला, असाल तसे या. तोताराम मोटरसायकलने पोचला तेव्हा रिकाम्या स्टेजवर साठीचा एक गोवेकर खुर्चीत बसून गिटार लावून पाहत होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत सपाता. बोटं सहज चालली होती, पण जे वाजत होतं ते तोताराम पंधरा वर्षं मोटरच्या खोलीत ऐकत आला होता.

त्या माणसाचं नाव बेनी. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतून हेच वाजवलेलं. मग हॉटेलं बदलली, लग्नांतली वाजवणी वाढली, आणि पोटासाठी सिनेमाची गाणी आली. तोतारामने एकेका बँडचं नाव घेतलं तसा म्हातारा खुलत गेला. ‘दहा वर्षांत मला हे कुणी विचारलं नाय,’ तो म्हणाला. ‘आणि विचारलं कुणी, तर केळीवाल्याने.’ मग स्वतःच म्हणाला, संध्याकाळी मध्यंतरानंतर एकट्याने वाजवतो. अट एक, मधे कुणी बोलायचं नाय.

तोतारामला हवं होतं ते एवढंच. एकदा, समोर बसून, पुरं ऐकायचं. आणि ज्यांनी पंधरा वर्षं टिंगल केली त्यांच्या शेजारी बसून ऐकायचं. म्हणून तो निवेदकाकडे गेला. निवेदक निंबा सर, हायस्कुलात मराठी शिकवायचे. तोतारामने त्यांना बाजूला घेतलं आणि बेनी किती मोठा कलाकार आहे ते कळकळीने सांगितलं. ‘सर, या माणसाचा मान राहिला पाहिजे,’ तो म्हणाला. ‘मधे कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही.’ निंबा सरांनी डोळे मिटून मान हलवली. ‘भाऊ, निर्धास्त राहा. त्यांचा यथोचित मान होईल.’ तोताराम निर्धास्त झाला. एवढी वर्षं खानदेशात काढून निर्धास्त झाला, आता काय म्हणावं.

संध्याकाळी मैदान भरलं. रावेर-यावलपासून ट्रॅक्टर भरून माणसं आली. दिवा, स्वागतगीत, अहवाल, सगळं यथासांग पार पडलं. तोताराम पुढच्या रांगेत, रतिलाल आबांच्या शेजारी. मध्यंतरानंतर निंबा सरांनी बेनीची ओळख करून दिली, खरोखर नीट करून दिली, आणि म्हातारा गिटार घेऊन पुढे आला. अय्युबने मशीनच्या टेबलावरून तोतारामला अंगठा दाखवला.

पहिल्या फटक्याला मागची पोरं हसली. शिट्ट्या आल्या. बेनीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ओळखीची चाल एकदा वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली, तसतशा शिट्ट्या कमी होत गेल्या. तो आवाज पायाखालच्या मातीतून वर येत होता. कॅसेटवर हे कळत नाही. छातीत कळतं हे, कानात नंतर. तोतारामने चोरून आबांकडे पाहिलं. आबा हाताची घडी घालून बसले होते. थोड्या वेळाने घडी सुटली. मग त्यांच्या उजव्या पायातली चप्पल हलायला लागली, आणि टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. भजनाला बसल्यावर तेवढी ते काढायचे.

आणि मग बेनीने चाल सोडली. तोतारामला कॅसेटचा कण नि कण पाठ होता, त्यामुळे ते त्याला लगेच समजलं. इथून पुढचं त्याने कुठेच ऐकलेलं नव्हतं. म्हाताऱ्याने डोळे मिटले होते, मान एका बाजूला कलली होती, आणि तो एकेक सूर असा शोधत निघाला होता की पुढचा कुठे पडेल हे त्याला तरी माहीत आहे की नाही, कळेना. मैदानात हूं नाही की चूं नाही. शेंगदाणेवाला उभा राहिला होता. तोतारामच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही. आवाज चढत होता, आता कुठेतरी पोचणार होता.

शेजारी खुर्ची वाजली. रतिलाल आबा उठले होते. उठून थेट स्टेजच्या पायऱ्या चढले. निंबा सर जणू त्याचीच वाट पाहत होते, शाल-नारळाचं ताट घेऊन लगबगीने पुढे झाले आणि त्यांनी माईक हातात घेतला. ‘क्षणभर, क्षणभर. रसिकहो, या अलौकिक कलेने आपले अध्यक्ष इतके भारावून गेले आहेत की त्यांना राहवत नाही. त्यांच्या शुभहस्ते याच क्षणी मी या थोर कलावंताचा सत्कार...’

गिटार थांबली. बेनीने डोळे उघडले. आपण कुठे आहोत हे समजायला त्याला थोडा वेळ लागला. तोवर आबांनी त्याच्या खांद्यांवर शाल पांघरली होती, गिटारच्या पट्ट्यावरूनच. तारा छेडणारा उजवा हात धरून त्यांनी त्यात नारळ ठेवला. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा. टाळ्या पडल्या, मनापासून पडल्या. आबा दोन शब्द बोलले, आणि आपल्याकडच्या दोन शब्दांना किती वेळ लागतो ते सांगायला नको. मग मंडळाच्या उपाध्यक्षांनाही राहवेना. त्यांचा हार. मग ‘ज्यांच्यामुळे हा योग आला ते आपले रत्नपारखी तोतारामभाऊ’ म्हणून तोतारामचं नाव पुकारलं. तो उठला नाही. लोकांनी दंडाला धरून उठवलं, तरी तो ताठ उभा राहून ओरडला, ‘नारळ नको मला. त्याला वाजवू द्या.’ निंबा सर हसून म्हणाले, हा भाऊंचा विनय. पुन्हा टाळ्या. त्या निंबा सरांना बुकलून काढावं असं त्या घडीला तोतारामच्या मनात आलं, आणि आलं यात काही गैर नव्हतं.

सगळे खाली उतरल्यावर अय्युब स्टेजकडे धावला. ‘मास्तर, शुरू करो ना.’ बेनीने नारळ स्पीकरच्या खोक्यावर ठेवला, शाल घडी करून त्याच्याजवळ ठेवली. चिडलेला दिसत नव्हता. ‘ते गेलं,’ एवढंच म्हणाला, आणि बाकीच्या वादकांना खूण केली. सिनेमाचं गाणं सुरू झालं.

अकराच्या सुमारास आबांनी तोतारामला जीपमध्ये घेतलं. मोटरसायकल अय्युबकडेच राहिली. वाटेत तोताराम बाहेर पाहत होता, कारण तोंड उघडलं तर चुलत्याला काय बोलू याचा त्याला भरवसा नव्हता. आबांनीच सुरुवात केली.

‘तोता, खरं सांगू? माह्या अंगावर काटा आला रे. आपुन उगीच हसत व्हतो तुले.’

तोतारामने आता वळून पाहिलं.

‘म्हनून तर उठलो. एवढं कोनी वाजोयलं, आन् आपुन नुसते बसून रायलो, तर तो काय म्हनीन? खानदेशात मानसाले मान देता येत नाही?’ आबांनी टोपी नीट केली. ‘त्याच्यात पुढे काय व्हतं रे? मले ते ऐकाचं हाये. तुह्याकडे कॅसेट असीन ना? सकायी लाव. मी येतो बागेत.’

पंधरा वर्षं हे वाक्य ऐकायला तोतारामने काय वाटेल ते दिलं असतं.

‘कॅसेटवर नाही ते, आबा.’

‘मंग कोठी हाये?’

‘कोठीच नाही. तो तिथंच रचत होता. तुमी उठले, तेव्हा निम्मं झालं होतं.’

आबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग समोर रस्त्याकडे. असोद्याला उतरल्यावर ते घरात न जाता बराच वेळ जीपच्या दाराला हात लावून तसेच उभे राहिले.