जावई जेवल्याशिवाय राइड नाही

माझ्या सासूला भूक आवरत नाही, हे आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात कुणालाही विचारा. अंजनाबाई म्हटलं की झालं. चार बंगल्याच्या मासळीबाजारात ती पाट मांडून बसते, समोर गिऱ्हाईक पापलेटाचा भाव पाडत उभं असतं, तेव्हाही तिच्या तोंडात घास असतो. त्या घासासकट ती गिऱ्हाइकाला सुनावते आणि शेजारणीने काय डबा आणलाय तेही विचारून घेते. अशी बाई एका जावयापायी अख्खा दिवस उपाशी राहिली. आणि कुठे, तर थीम पार्कात, जिथे पावलापावलावर खायचे स्टॉल! आजही आठवलं की मला हसू येतं आणि डोकंही फिरतं.

मी दिपाली, तिची सून. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणून आम्हा कोळ्यांच्या सहली याच दिवसांत निघतात. माझा नवरा विकी बोटीच्या इंजिनात डोकं घालून बसला होता, तो काही येईना. मग निघालो आम्ही पाच जण. सासूबाई, सासरे, नणंद पूर्वी, तिचा नवाकोरा नवरा शौनक आणि गाडी चालवायला मी. दिंडोशीच्या पुढे ते नवं पार्क झालंय ना, तिथेच, त्यांच्याच हॉटेलात दोन रात्री. माझी मढची आई फोनवर म्हणाली, "अगं, गोरेगावला जायला हॉटेल कशाला? रात्री घरी येऊन झोपा की." पण सासूबाईंचं ठरलेलं होतं. हॉटेलातल्या पांढऱ्या चादरीवर झोपल्याशिवाय सुट्टी कसली?

खरं कारण वेगळंच होतं. पूर्वीने तिला मोबाइलवर त्या पार्कातली मोठी राइड दाखवली होती, 'तुफान'. गाडी सरसर वर चढते, टोकाला क्षणभर थांबते आणि धाडकन खाली येते. आईने, म्हणजे सासूने, मी तिला आईच म्हणते, तो व्हिडिओ किती वेळा बघितला, देव जाणे. "ही बग लाट," म्हणायची. "ही आली. ही गेली."

माझे सासरे सीताराम तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या, सुकाणू त्यांच्या हातात. आयुष्यभर खोल समुद्रात गेले आणि आल्यावर बायकोला एकच वाक्य ऐकवलं, "तिकडे काय हाल होतात ते तुला नाय कलणार." आमच्याकडे बाई खाडीत होडीतून फिरेल, सणाला सजवलेल्या बोटीत नाचेल, पण खोल समुद्रात मासेमारीला जात नाही. आईने त्यांनी आणलेली मासळी विकली, पोरं वाढवली, वादळात दारात बसून रात्री काढल्या, पण तिकडे लाटेवर नेमकं काय होतं ते तिला कधी कळलं नाही. आता त्या राइडवर ते कळणार होतं. "एकदा बगतेच," एवढंच ती म्हणाली, आणि मला समजलं की ही सहल गंमत नाहीये.

आता घोळ ऐका. आमच्या घरात दोन नियम आहेत, आणि दोन्ही दगडावरची रेघ. पहिला, लग्नाच्या पहिल्या वर्षात जावई बरोबर असेल तर आधी तो पोटभर जेवणार, मग सासू घास घेणार. दुसरा, उपाशी पोटी बोटीवर पाय ठेवायचा नाही. आणि आईच्या हिशोबाने राइड ही बोटच.

म्हणजे जावई जेवला तर सासू जेवणार, सासू जेवली तर राइड. सोपं ना? हो, जावई दुसरा कुणी असता तर.

शौनक मुलुंडचा. आईवडील दोघं नोकरीवाले, पोरगा हुशार, स्वभावाने लाख. पण खायच्या बाबतीत अवघड प्रकरण. शाकाहारी असता तर परवडलं असतं, निदान काय करायचं ते कळलं असतं. याला कोथिंबीर दिसली की जेवण संपलं. कांदा चालतो, पण दिसायला नको. पनीर दाताखाली वाजतं. एका पदार्थाला दुसरा पदार्थ शिवलेला चालत नाही. आणि सगळ्यात वैताग म्हणजे हे सगळं तो तोंडाने सांगत नाही! त्याच्या आईने, शुभाताईंनी, लग्नाआधी बजावून ठेवलेलं, "सासरी नखरे करायचे नाहीत." म्हणून विचारलं की हसून म्हणणार, "मला काहीही चालेल." आणि मग ताटात नुसता चमचा फिरवणार.

त्याला नियम सांगून टाकायचा, विषय संपला, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं. आईने डोळे वटारले. "जावयाला सांगायचं का, बाबा तू जेव, मना भूक लागलीय? लाज नाय वाटत?" आम्हाला सगळ्यांना शपथच घातली.

सकाळी पोचल्या पोचल्या हॉटेलच्या नाश्त्याला त्याने टोस्टच्या कडा काढून मधला चौकोन खाल्ला. आईने त्याला जेवण मानायला साफ नकार दिला आणि स्वतः चहावर भागवलं. त्यात दारावरच बोर्ड, मोठी राइड उद्यापासून देखभालीसाठी बंद, आजची शेवटची फेरी साडेसहाला. आईने बोर्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

दुपारी पार्कातल्या फूड कोर्टात मी फ्राइड राइस मागवला. शौनकने त्यातली सिमला मिरची एकेक करून ताटाच्या कडेला लावली, इतकी नीट की बघत राहावं. मला वाटलं आता खाईल. चमचाभर खाल्ला आणि थांबला. सिमला मिरची गेली होती, पण तिचा वास भातात राहिला होता. बर्गर आणला, त्यात सॉस. पिझ्झा आणला, त्यावर ऑलिव्ह. आईने माझ्या कानात विचारलं, "जेवला?" मी म्हटलं, "सुरुवात करतोय." आणलेलं टाकवत नाही म्हणून बर्गर, पिझ्झा सगळं मीच संपवलं.

हातावर शिक्का मारून घेतला की बाहेर जाऊन परत येता येतं, हे कळल्यावर मी गाडीच काढली. दिंडोशीला कोर्टाजवळ एक उडुपी आहे. साधा डोसा म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? शौनकचा चेहराही खुलला. कुरकुरीत कडा त्याने आवडीने खाल्ली. तेवढ्यात वेटरने सांबाराची वाटी ठेवताना दोन थेंब डोशावर सांडले, आणि वाट लागली. उरलेला डोसा तसाच. "पोट भरलं माझं," म्हणाला, सभ्यपणे. आई त्याच्याकडे बघत पाणी पीत होती. तिचा तिसरा ग्लास. डोसा कुणी खाल्ला ते सांगायला नको.

गाडीत पूर्वी मोबाइलवर शोधायला लागली. "घाटकोपरला एक जैन थाळी आहे, कांदा नाही, लसूण नाही..."

"घाटकोपर!" मी ओरडलेच. "तिकडून परत येईपर्यंत राइड गंजून जाईल गं!"

मग बोरिवली. तिथे गुजराती थाळी मिळते, प्रत्येक गोष्ट वेगळ्या वाटीत, कुणी कुणाला शिवत नाही. ताट समोर आलं तेव्हा शौनक खरंच हसला. आईने पदर सावरला आणि हात धुऊन आली, एवढी तिला खात्री. पण थाळीतल्या वाढप्यांना तुम्ही ओळखता. माणूस नको म्हणायच्या आत ते वाढून पुढे गेलेले असतात. एकाने भातावर कढी ओतली, दुसऱ्याने वरून तूप, तिसऱ्याने बटाट्यावर शेव. शौनकने आमटी चाखली, ती गोड. चमचा हळूच खाली ठेवला. "छान होतं," म्हणाला. मला त्या क्षणी त्याचे कान उपटावेसे वाटत होते, पण जावई पडला ना! मी गपचूप त्याचं ताट पुढे ओढलं. खोटं कशाला बोलू, श्रीखंड झकास होतं.

परत येताना हायवेवर कांदिवलीपासून गाड्या तुंबलेल्या. आई पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. एकदाही "भूक लागली" म्हणाली नाही. तीन जेवणं जेवलेली मी, आणि शेजारी ती! मला इतकं वाईट वाटत होतं की सिग्नलला मी उगाचच पुढच्या रिक्षावाल्याशी भांडून घेतलं.

पार्किंगला पोचलो तेव्हा शेवटच्या फेरीला थोडाच वेळ उरला होता. राइडवरच्या किंकाळ्या बाहेर ऐकू येत होत्या. आई गाडीतून उतरली आणि एकदम दाराला धरून थांबली. 

शौनक धावला. "आई, काय झालं? सकाळपासून तुम्ही काय खाल्लंत?"

 पूर्वी चपलेकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं, शपथ आठवली, मिटलं. शेवटी सासरेच बोलले, आणि ते बोलायला लागले की थांबवायची कुणाची हिंमत नसते.

"कशी खाईल ती? तू जेवला नाय ना अजून."

मग सगळं सांगितलं त्यांनी. नियम, बोट, राइड, सगळं. आई "गप ऱ्हावा हो, गप ऱ्हावा" करत राहिली. शौनकचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं हा आता रडतो. पण तो गाडीमागे गेला, डिकी उघडली आणि म्हणाला, "त्या पिशवीतून सकाळपासून वास येतोय. त्यात जेवण आहे ना?"

होतं. बाहेरच्या खाण्यावर भरवसा नाही म्हणून आईने स्वतःसाठी डबा आणला होता. पार्कात डबा नेऊ देत नाहीत म्हणून तो गाडीत पडून. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची लसूण घातलेली चटणी. पूर्वी म्हणाली, "शौनक, नको रे, तुला नाही जमणार." त्याने डबा बॉनेटवर ठेवला, भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला.

चावला. परत चावला. कपाळावर घाम आला. गिळला एकदाचा. मग डोळे उघडले आणि सासूकडे बघून म्हणाला, "आई, मला हे अजिबात आवडलं नाही. अजिबातच नाही! आणि आज दिवसभर मी जे जे खाल्लं त्यातलंही मला काही आवडलं नाही. ती सिमला मिरची, ते सांबार, ती गोड आमटी, काहीच नाही!"

 आई त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग एकदम इतकी हसली, इतकी हसली की शेजारच्या गाडीतली माणसं काच खाली करून बघायला लागली.

"मेल्या, आधी बोलायचं ना रं! सकालपासून 'काहीही चालेल, काहीही चालेल'! घरातलं पोर कधी असं बोलतं?"

"पण ही भाकरी..." शौनक म्हणाला. "नुसती भाकरी छान आहे. अजून आहे?"

अजून? आई चार माणसांच्या मापाचा डबा भरते. कोरी, पांढरी, मऊ भाकरी, कशाला काही शिवलेलं नाही. पठ्ठ्याने उभ्या उभ्या चार भाकऱ्या हाणल्या, मीठही न लावता, आणि शेवटी ढेकर दिला. त्या ढेकरावर आईने उरलेला डबा ओढला आणि चटणीसकट असा फस्त केला की मी घड्याळ बघत "आई, आवर! आई, आवर!" करत नाचत होते.

मग पळालो. खरंच पळालो. काष्टा घातलेली आई सगळ्यांच्या पुढे. राइडवर दागिने चालत नाहीत म्हटल्यावर तिने गळ्यातली मोहनमाळ आणि हातातले पाटल्या-तोडे काढून सासऱ्यांच्या ओंजळीत ओतले. "तुमी येताव?" विचारलं. "गुडघे दुखतात," सासरे म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले. मी तर तीन जेवणं पोटात घेऊन कुठे जाणार होते? पूर्वीने मागची सीट धरली. पहिल्या सीटवर आई आणि तिच्या शेजारी जावई.

गाडी चढायला लागली. टोकाला थांबली. मग धाडकन सुटली आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात एकच आवाज स्पष्ट ऐकू आला, मासळीबाजारात कमावलेला. पण ती किंकाळी नव्हती. आई हसत होती. वर जाताना हसत होती, खाली येताना हसत होती, गाडी उलटी फिरली तेव्हाही हसत होती. सासरे दोन्ही हातांत सोनं धरून मान वर करून बघत होते.

उतरली ती तशीच, अंबाडा सुटलेला, तरातरा आली आणि सासऱ्यांच्या दंडावर एक जोरात फटका दिला.

"मना सांगत व्हता, हाल व्हतात! हाल! एवढी मजा असते तिकडे? एवढी वर्सं एकटे एकटे मजा मारून आलाव, आनि मी दारात बसून देवाला नवस बोलत व्हते!"

मला वाटलं सासरे भडकतील. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं. चोरी पकडली गेलेल्या पोराचं हसू.

"हाल पण होतात," ते म्हणाले. "पण मजा तर येतेच गं."

"मंग बंदी उठली का मी येनार बोटीवर. खोल समुद्रात. एकदा."

मी आणि पूर्वीने एकमेकींचे हात धरले. आमच्या बोटीवरून आजवर कुठली बाई खोल समुद्रात गेलेली नाही. विकीचे काका काय म्हणतील, वेसावं काय म्हणेल, सगळं सासऱ्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यांनी ओंजळीतलं सोनं एकदा सावरलं.

"चल," ते म्हणाले.

बस, एवढंच. माझ्या डोळ्यांतून टपाटपा पाणी यायला लागलं, मला काय लाज?  आई सासऱ्यांच्या ओंजळीतली मोहनमाळ उचलून गळ्यात घालायला गेली, पण तिला फासा काही लावता येईना. शेवटी तो सासऱ्यांनीच लावून दिला.