पुतळ्याचं हसू

आमच्या कॉलेजच्या फोटो ग्रुपमध्ये चांगले फोटो मोजकेच, किस्से मात्र पोतंभर! कारण आमचे दिनकरभाऊ, फिजिक्स लॅबचे असिस्टंट. जळगावच्या आमच्या कॅम्पसमधल्या शिल्पांचं फोटो प्रदर्शन भरवायचं ठरलं. उद्घाटनाला ती शिल्पं घडवणारे शिरपूरचे नानाच येणार म्हटल्यावर भाऊंची झोप उडाली.

लायब्ररीसमोर काळ्या दगडातली हंडेवाली आहे. काय घडवलीय हो! नुसतं बघितलं की वाटतं, हसतेय. फोटो काढला की हसू गायब! "हे हसू मिळालं नाही, तर नानांना काय तोंड दाखवू?" भाऊंचं एकच पालुपद.

*

मे महिन्यात भर दुपारी भाऊ फरशीवर आडवे पडून हंडेवालीवर कॅमेरा रोखून होते. वॉचमनला वाटलं, ऊन लागलं! त्यानं भाऊंवर बाटलीभर पाणी ओतलं आणि रिक्षा बोलावली. रिक्षावाले सलीमभाई उतरले, पुतळा नीट निरखला आणि म्हणाले, "बाई हसतेय खरी, पण तुमच्याकडे बघून!"

*

वाळलेल्या कडुनिंबाच्या खोडात नानांनी घुबड कोरलंय. एकेक पीस असं, की हात लावायची भीती वाटते, उडालं तर! परीक्षेच्या दिवसांत कुणीतरी त्याच्यापुढे नारळ ठेवला. फोटोत नको म्हणून मी तो उचलायला गेलो, तर भाऊ ओरडले, "राहू दे! पोरांची शेवटची आशा आहे ती!"

*

गणिताच्या दीपाताईंनी एकदा भाऊंना सुनावलं, "वहिनी घरी हसतात, तिथे कधी कॅमेरा काढलात?"

भाऊ अगदी गंभीरपणे म्हणाले, "तिथे लाइट कमी आहे हो!"

*

उद्घाटनाला नाना आले. सोबत त्यांच्या पत्नी, अक्का. कॅम्पसवर त्या पहिल्यांदाच येत होत्या. फोटो बघत बघत नाना हंडेवालीच्या फोटोपाशी थांबले. भाऊंनी हात जोडले, "नाना, माफ करा. तिचं हसू काही सापडलं नाही."

"कसं सापडी भाऊ?" नाना म्हणाले. "ती हासी नही ऱ्हायनी. हासू दाबी ऱ्हायनी!"

पुतळा पुन्हा बघायला आम्ही सगळे बाहेर धावलो. हंडेवालीसमोर अक्का आधीच येऊन उभ्या होत्या, ओठ तस्सेच घट्ट मिटून. भाऊंनी कॅमेरा उचलला, आणि अक्कांना हसू काही आवरेना.

"माले डोकावर हंडा दीसन उभं करं, अन् म्हने, हासू नको!"