समुद्र लवकर आला

डिझेलकाकासारखा भांडकुदळ माणूस मी उभ्या वसईत दुसरा पाहिला नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो, मनात अरे-तुरे. इथं मनातलंच लिहितो. एव्हरशाईन सिटीच्या मागच्या गल्लीत आमचं ग्रिल-गेटचं वर्कशॉप होतं. शटर वर जायच्या आत त्याचं तोंड सुरू व्हायचं. काल मारलेला टाका वाकडा, आज आणलेला पाइप पातळ, चहावाला चोर आणि मी बिनकामाचा. मी आयटीआय केलेला, म्हणून त्यानं माझं नाव 'शहाण्या' ठेवलं. मी बरोबरीचा भागीदार असूनही त्यानं मला खऱ्या नावानं कधी हाक मारली नाही.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याला 'समजला का?' लागायचं, समोर कोणी का असेना. एकदा एक बाई बाल्कनीच्या ग्रिलला वेलबुट्टी करून मागत होत्या. काका म्हणाला, "फुलां पायजेत तं कुंडी आना. मी लोखंड जोडतू. समजला का?" बाई त्या गेल्या त्या गेल्याच. मी ओरडलो, तर मलाच म्हणतो, "बरा झाला. तिचा काम तुलाच करावा लागला असता."

आमची निम्मी कामं वीज नसलेल्या जागी असायची. गिरीजच्या वाडीत पंपाच्या खोलीचं दार, कळंबला किनाऱ्यावरच्या कॉटेजचं गेट, नाहीतर वाळूत ओढलेल्या होडीचं लोखंडी काम. दर वेळी कोणाच्या तरी घरून वायर ओढायची आणि त्यांचा फ्यूज उडवून शिव्या खायच्या. शेवटी विजेशिवाय चालणारं वेल्डिंग मशीन घ्यायचं ठरलं, आणि आमच्यात खरी जुंपली. माझं म्हणणं साधं होतं. बॅटरीवरचं मशीन घेऊ, खांद्याला लावून कुठेही नेता येईल. जास्त काम असलं तर छोटा जनरेटर आणि त्यावर चालणारं इन्व्हर्टर मशीन. दोन्ही वाळूतून उचलून नेता येतात.

दुकानात काकानं ते बॅटरीचं मशीन एका हातानं उचललं, कानाशी हलवलं आणि दुकानदाराला विचारलं, "यात डबा आनतास काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बॅटरीवर टॉर्च लागते, शहाण्या. लोखंडाला इंजिन लागतं." कोपऱ्यात चाकांवर उभा असलेला डिझेल सेट त्यानं पाहिला. इंजिन आणि वेल्डिंग एकातच, दोन बैलांनी ओढावा असा. त्याच्या टपावर हात ठेवून काका असा उभा राहिला, जणू जत्रेत बैल पसंत केलाय. मी म्हटलं, "काका, हे वाळूत रुतेल." तो म्हणाला, "वजन हाय म्हनून तं मशीन हाय." झालं. मशीन वर्कशॉपात आलं आणि काकाला डिझेलकाका हे नाव पडलं.

त्या धुडाचं त्यानं जे कौतुक केलं, ते पाहून माझं पित्त खवळायचं. रोज पुसायचा. हात डिझेलनं धुवायचा आणि त्याच हातानं भाकरी खायचा. मशीनवर मी एकदा चहाचा कप ठेवला, तर त्यानं कप उचलून रस्त्यावर भिरकावला. स्वतःच्या जावयाशी तो इतकं मऊ बोलत नसे, जितकं इंजिन सुरू होत नसलं की त्याच्याशी बोलायचा.

आणि मग कळंबची हिराबाई आली. तिच्या मुलाची मोठी होडी ओहोटीत वाळूवर बसली होती आणि सुकाणूचा लोखंडी बिजागर मोडला होता. वारा फिरला होता, उधाणाचे दिवस होते. भरतीचं पाणी होडी उचलणार, आणि सुकाणू नसलं तर ती थेट बाजूच्या खडकांवर आपटणार. होडी गेली की घर बसलं. चार जणांनी ढकलत मशीन ओल्या वाळूवरून होडीपाशी नेलं आणि तिथं पोचताच चाकं अर्धी रुतली. मी काकाकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

काम निम्म्यावर आलं तेव्हा हिराबाई पाण्याकडे बघून म्हणाली, "दादा, पानी फिरला. मशीन वर घ्या."

काकानं वेल्डिंगच्या काचेआडूनच उत्तर दिलं, "मना भरती नको शिकवू. माजा जल्म खाडीवर गेला. आमच्या उघाडीला पानी लागाया अजून लय टाईम हाय."

उघाडी म्हणजे त्यांच्या शेताच्या बांधातलं, खाडीचं पाणी अडवायचं दार. काकाचं गाव खाडीत पार आतल्या अंगाला. भरती आधी कळंबच्या किनाऱ्याला लागते आणि खाडीतून चढत चढत त्याच्या गावाला पोचते ती बऱ्याच उशिरानं. जन्मभर या माणसानं भरती मोजली ती आपल्या दारात उभं राहून, आणि त्याला वाटायचं की समुद्रही तिथूनच सुरू होतो. हिराबाई हे सांगत होती, तिचा मुलगा सांगत होता, मी सांगत होतो. पण ऐकेल तर तो डिझेलकाका कसला.

पाणी चाकांना लागलं तेव्हा मात्र त्यानं मान वर केली. एकदाच समुद्राकडे पाहिलं, मग मशीनकडे. मी ओरडलो, "काका, बंद करा! ओढून काढू, अजून निघेल!" चौघं दोर घेऊन तयारच होते. पण इंजिन बंद केलं असतं, तर बिजागर अर्धाच राहिला असता. काका होडीच्या मागं बांधलेल्या फळीवर चढला आणि वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर उगारून म्हणाला, "बंद केलास तं होल्डर डोक्यात घालीन."

शॉक बसेल, ओल्या हातानं होल्डर धरू नको, म्हणून माझ्या कानाखाली आवाज काढणारा हाच माणूस! मला इतका संताप आला, की त्याला खाली ओढावं आणि दोन ठेवून द्याव्यात. लाट आली की फळी हलायची, तो शिवी द्यायचा आणि पुढचा रॉड लावायचा. खाली त्याचं लाडकं इंजिन आधी खोकलं, मग गुदमरलं आणि बंद पडलं. तोवर बिजागर बसला होता. होडी उचलली गेली, सुकाणू वळलं आणि हिराबाईच्या मुलानं तिला खोल पाण्यात काढलं. आमच्या मशीनचा नुसता टप दिसत होता, नंतर तोही दिसेना.

हिराबाई त्याच्या पाया पडायला आली, तर तिच्यावरच खेकसला. परतताना टेम्पोत मी म्हटलं, "आता तरी कबूल करा, चुकलात." कपडे पिळत तो म्हणाला, "माजा हिशोब बरोबर व्हता. समुद्र लवकर आला. समजला का?"

त्यानंतर आमचं जमलं नाही. खाऱ्या पाण्यानं इंजिन खाल्लं, मी बॅटरीचं मशीन आणलं आणि काका 'डब्यावर काम करनार नाय' म्हणत गावी निघून गेला. जाताना निरोपसुद्धा घेतला नाही. पुढच्या वर्षी तो गेला. त्याच्या मयताला लोक म्हणत होते, माणूस मनानं चांगला होता. मी मान हलवली नाही. मनानं असेल, पण कामाला रोज मनाबरोबर तोंडही यायचं.

यंदा हिराबाईच्या मुलानं होडीला नवं सुकाणू बसवायला बोलावलं. जुना बिजागर कापायच्या आधी मी तो घासून बघितला. सुरुवातीचा जोड सरळ, एकसारखा. आणि पुढं, पाणी आल्यानंतरचा? गोळे, भोकं, एका जागी तर रॉड चिकटून तुटलेला. एवढा घाणेरडा जोड मी मारला असता, तर त्यानं आठवडाभर माझी सालटी काढली असती.

"कसा हाय?" हिराबाईनं विचारलं.

"वाईट. एकदम वाईट."

"पन तुटला तं नाय."

"तुटला नाही, मावशी."

इतकी वर्षं मी त्याच्या कामात खोट शोधत होतो. आता ती हातात आली होती, आणि भांडायला तो नव्हता. मला त्याचा पुन्हा तसाच राग आला, त्या दिवशी लाटेत आला होता तसा, आणि डोळे भरून आले. मी काच तोंडावर ओढून कामाला लागलो.

नवा बिजागर बसता बसता हिराबाई म्हणाली, "दादा, पानी फिरला."

मी उठलो, बॅटरीचं मशीन एका हातानं उचललं आणि चार ढांगांत कोरड्या वाळूवर येऊन उभा राहिलो. पाणी मागून निवांत येत होतं. एवढंच होतं, काका. एवढंच करायचं होतं.