जुलैतला मुक्काम

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या निम्म्या मराठी घरांचे टॅक्सचे फॉर्म मालिनीकाकू भरून द्यायच्या. अकाउंटंट म्हणून रिटायर झाल्या तरी स्वस्थ बसणं त्यांना माहीत नव्हतं. २००७च्या मार्चमध्ये सुनेत्रा एकटीच कागद घेऊन आली, तेव्हा त्यांनी विचारलं, "दिगंबर कुठाय? त्याची सही लागेल ना!"

"आम्ही वेगळे राहतो, काकू. वर्ष होत आलं."

वर्षभर दडवलेली गोष्ट अशी टॅक्सपायी बाहेर पडली. मराठी मंडळात, नागपूरला घरी, कुठेही तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. गेल्या जुलैत सासूसासरे आले तेव्हा तर दोघांनी कमालच केली. दिगंबर महिनाभर घरी परतला. बेसमेंटमध्ये झोपायचा आणि आई उठायच्या आत वर येऊन चहा टाकायचा. म्हाताऱ्यांना कळू नये म्हणून वाट्टेल ती सोंगं करतील, पण समोरासमोर बसून दोन शब्द बोलणार नाहीत, अशी ही आपली माणसं! सुनेत्राला मात्र ते सोंग वाटेनासं झालं होतं. त्या महिन्यात तो हसला होता, लेकीला, अनयाला, रोज पोहायला नेत होता, भरली वांगी मागून घेऊन जेवला होता. तो परत येईल, ही आशा तिने त्या एका महिन्याच्या जोरावर धरून ठेवली होती.

काकूंनी चष्मा पुसला. घटस्फोट नाही, म्हणजे सरकारच्या लेखी लग्न शाबूत. "मग जॉइंट फाइल करायचं? दोघांचा मिळून एकच फॉर्म?"

"तो नको म्हणतो."

"मग सेपरेट, नाहीतर हेड ऑफ हाउसहोल्ड, म्हणजे घर एकटीने चालवणारी म्हणून. त्यात टॅक्स पुष्कळ वाचेल. मुलगी तुझ्याकडे, घरखर्च तुझा. फक्त वर्षाच्या शेवटच्या सहा महिन्यांत नवरा घरात राहिलेला चालत नाही."

"जुलैत होता की," सुनेत्रा घाईने म्हणाली. "चांगला महिनाभर."

"राहायला आला होता, की पाहुणा म्हणून? त्यावर ठरेल गं. मी जेवायला आले होते तेव्हा मला तर तो घरातलाच वाटला. विचार त्याला."

सुनेत्राने तिथूनच फोन लावला. तो 'राहिलो होतो' म्हणाला असता, तर कितीही टॅक्स भरायची तिची तयारी होती.

"अगं, राहिलो कुठे?" दिगंबर म्हणाला. "आईबाबांसाठी आलो होतो. माझी बॅग महिनाभर गाडीतच होती. बिनधास्त हेड ऑफ हाउसहोल्ड कर, तुझाच फायदा आहे."

आवाजात राग नव्हता. तो खरोखरच तिचं भलं बघत होता आणि तेच तिला सोसवेना.

"काय म्हणाला?" काकूंनी विचारलं.

"पाहुणाच होता, काकू."

काकूंनी फॉर्मवर खूण केली, आकडेमोड केली. टॅक्स बराच कमी झाला. सुनेत्राने सही केली आणि मग काकूंच्या डायनिंग टेबलाशी बसून, वर्षभरात पहिल्यांदाच कुणासमोर, ती हमसून हमसून रडली.