स्वानंदीचा डावा डोळा

गिरिजा खापरे नागपूरहून नवऱ्याच्या व्हिसावर शिकागोला आल्या. स्वतः काम करायची परवानगी मिळेपर्यंत नऊ वर्षं गेली. मग चाळिशीत कोर्स करून त्या डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या सरकारी क्लिनिकमध्ये शाळकरी मुलांची नजर तपासायला लागल्या. त्याला आता अकरा वर्षं झाली.

गेल्या ऑगस्टमध्ये शरयू आपल्या पाच वर्षांच्या मुलीला, स्वानंदीला, घेऊन आली. किंडरगार्टनच्या प्रवेशासाठी नजर तपासल्याची फॉर्मवर सही हवी होती. स्वानंदीने तक्त्यावरची अक्षरं धडाधड वाचली. गिरिजाबाईंनी तिचा डावा डोळा झाकला. वाचन तसंच चालू. मग उजवा झाकला.

"लाइट का ऑफ केला?" स्वानंदीने विचारलं.

खोलीतले सगळे दिवे चालू होते.

"नाटकं करते हो, काकू," शरयू घड्याळ बघत म्हणाली. "मला साडेदहाला मीटिंग आहे. प्लीज सही करून टाका ना."

"नाही करता येणार. डॉक्टरांना दाखवू."

"पण तिने सगळं रीड केलं! लास्ट इयर इथेच पास झाली ती."

डॉक्टर दुसऱ्या क्लिनिकला जायला निघाल्या होत्या. गिरिजाबाई धावत पार्किंगमध्ये गेल्या आणि त्यांच्या गाडीसमोर उभ्या राहिल्या. डॉक्टर परत आल्या. खोलीत अंधार करून त्यांनी स्वानंदीच्या डोळ्यांत उजेड टाकला. उजव्या बाहुलीत लालसर चमक दिसली, जशी दिसायला हवी तशी. डावीत पांढरी.

डॉक्टरांनी तिथूनच मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. "आजच जा," एवढंच त्या शरयूला म्हणाल्या.

शरयूचा नवरा सिद्धेश कामासाठी मिनेसोटाला गेलेला. गाडी चालवणं तिला जमणार नव्हतं; तिने आपली किल्ली गिरिजाबाईंपुढे धरली. गिरिजाबाईंनी उरलेल्या दिवसाची रजा टाकली. निघण्यापूर्वी त्यांनी कॉम्प्युटरवर स्वानंदीची गेल्या वर्षीची नोंद उघडून दोनदा वाचली. मग गाडी त्यांनीच चालवली.

स्वानंदीला तपासायला आत नेल्यावर दोघी बाहेर बसल्या.

"शरयू, गेल्या वर्षी मीच तपासलं होतं तिला," गिरिजाबाई म्हणाल्या. "डोळा झाकला की रडत होती. बाहेर रांग लागली होती. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून चित्रं ओळखायला लावली, आणि पास लिहिलं."

शरयू त्यांच्याकडे वळली.

"एक अख्खं वर्ष?"

"हो."

"तुम्ही जा, काकू."

गाडीची किल्ली तिच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवून त्या निघाल्या. दोन बस बदलून घरी पोचल्या.

डोळ्यात कॅन्सरची गाठ होती. आठवड्याभरात डावा डोळा काढावा लागला. गाठ पुढे पसरली आहे का, त्याच्या रिपोर्टला आणखी दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत गिरिजाबाई फोन वाजला की दचकायच्या. पसरली नव्हती. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा त्या स्टोअररूममध्ये जाऊन रडल्या.

गेल्या वर्षीची आपली चूक गिरिजाबाईंनी स्वतःहून क्लिनिकला लिहून दिली. लेखी ताकीद मिळाली. क्लिनिकने नवा नियम केला: रडलेल्या मुलाला पास लिहायचं नाही, आठवड्यात परत बोलवायचं. त्या मुलांच्या घरी फोन करायचं काम गिरिजाबाईंनी मागून घेतलं.

शरयू पुन्हा कधी आली नाही. मार्चमध्ये सिद्धेशचा मेसेज आला. कृत्रिम डोळा बसवलाय, स्वानंदी रोज शाळेत जाते, सायकल शिकतेय. खाली त्याने लिहिलं होतं, 'शरयूला माहीत नाही मी तुम्हाला कळवलंय.'