अठरावी नळी

काच स्वच्छ आहे की नाही, हे आग्लाया नुसतं बघून ठरवत नसे. धुतलेल्या नळीत ती पाणी भरायची, ओतून द्यायची आणि नळी खिडकीच्या उजेडात धरायची. आत पाण्याचा पातळ पापुद्रा सलग राहिला तर नळी स्वच्छ. कुठे पाणी फाटलं, थेंब थेंब झाले, की तिथे काहीतरी तुपकट चिकटलेलं आहे असं समजायचं आणि नळी पुन्हा धुवायची. याश शहरातल्या क्षयरोग संस्थेच्या तळघरात तिने चोवीस वर्षं हेच काम केलं.

क्षयाचा जंतू मेणाचं पांघरूण घेऊन जगतो. साबणाला तो दाद देत नाही. म्हणून आधी क्लोरोफॉर्म, मग अल्कोहोल, मग एक दिवस नारिंगी ॲसिडात, आणि शेवटी सात पाण्यांनी धुणं. त्या ॲसिडाने तिची बोटं कायमची तपकिरी झाली होती. ईस्टरला अंडी रंगवायला बसली की नणंद म्हणायची, "वहिनी, तू नुसतं हातात धर, रंग कशाला आणायचा." आग्लाया हसायची. संस्थेच्या दारातल्या फलकावर उत्तम कामगारांचे फोटो होते, त्यांत तिचाही होता. हातांची लाज तिला कधी वाटली नाही.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात, भिंतीतले गरम पाण्याचे नळ गारठलेले असताना आणि सगळे कोट घालून काम करत असताना, स्मारांदा नावाची तरुण डॉक्टर एक प्रयोग करत होती. माणसाच्या काही पेशींत एक प्रथिन असतं. पकडलेल्या जंतूचा तुकडा पेशीच्या दारात वर धरून दाखवणं हे त्याचं काम. रक्तातल्या टी पेशी येऊन तो तुकडा चाचपतात, आणि ओळख पटली की भराभर वाढू लागतात. तेव्हा सगळे मानत, की दाखवला जातो तो जंतूच्या प्रथिनाचाच तुकडा. अठराव्या नळीतल्या जंतूचं सगळं प्रथिन स्मारांदाने आधीच विरघळवून टाकलं होतं, उरलं होतं फक्त मेण. ती नळी गप्प राहायला हवी होती. बाकीच्या नळ्यांची तुलना तिच्याशी करायची, एवढ्यापुरतीच ती ठेवलेली.

ती गप्प राहिली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली टी पेशींचे द्राक्षांसारखे घोस लागलेले दिसले. स्मारांदाने प्रयोग पुन्हा केला, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा घोस. तिन्ही वेळा नळ्या आग्लायाने स्वतः धुतल्या होत्या, एकूण एक उजेडात धरून.

संचालक डॉक्टर लुपाश्कू खाली आले. त्यांनी कोटाच्या बाह्या सावरल्या, भिंगातून पाहिलं आणि सरळ उभे राहिले.

"प्रथिनच नाही, तर पेशी कशाला वाढतील? नळीत आधीचं काहीतरी राहिलंय."

"पाणी फाटत नव्हतं, डॉक्टरसाहेब," आग्लाया म्हणाली. "तिन्ही वेळा बघितलं मी."

"तू बघितलंस." ते स्मारांदाकडे वळले. "ऐक हो. विज्ञान आता मोरीत ठरायचं."

स्मारांदा हसली नाही, पण बोललीही नाही. लुपाश्कूंनी नोंदवहीत लिहिलं: निकाल बाद, कारण काचसामान अस्वच्छ. वही आग्लायापुढे सरकवून सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. सही नाकारली तर नोकरी जाणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. तिने सही केली. सोमवारच्या सभेत तो शेरा सगळ्यांसमोर वाचला गेला आणि दुपारपर्यंत फलकावरचा तिचा फोटो निघाला. स्क्रूची चार भोकं तेवढी उरली.

घरी गेल्यावर तिने कपाटातले सगळे प्याले काढून उजेडात धरले. या गोष्टीचा राग तिला पुढे सर्वांत जास्त आला: त्या माणसाने तिला स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लावला होता.

तीन वर्षांनी देशातलं कम्युनिस्ट राज्य उलथलं. बाजारात पुन्हा संत्री आली, स्मारांदा जर्मनीला निघून गेली, लुपाश्कूंनी खोलीतली जुन्या नेत्याची तसबीर बदलली. फलक मात्र दारात तसाच राहिला. आग्लाया रोज त्या चार भोकांसमोरून कामावर यायची. जेवणाच्या सुट्टीत संस्थेचा मालमोटारवाला तिच्या भांड्यातल्या आंबट सूपकडे बघून विचारायचा, आज भांडं नीट धुतलंय ना. ती भांडं बंद करून उठायची. राग तिच्यात शांतपणे राहत होता, ॲसिडाच्या हंडीसारखा, झाकण लावून.

पंचाण्णवच्या वसंतात जर्मनीहून पाकीट आलं. आत एका मासिकाची काही पानं आणि एक चिठ्ठी होती. 'मावशी, चित्र बघ,' स्मारांदाने लिहिलं होतं. 'तुकडे दाखवणाऱ्या प्रथिनांचं आणखी एक घराणं निघालंय. त्याला एक खोल, तुपकट खिसा असतो. जंतूच्या मेणाच्या शेपट्या त्यात खोचून बसतात आणि डोकं बाहेर राहतं. टी पेशी ते डोकं ओळखतात. आपल्या नळीत तेच दिसलं होतं. नळी स्वच्छ होती. मी तेव्हा बोलायला हवं होतं.'

आग्लायाने चित्र पुष्कळ वेळ पाहिलं. तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिची कानशिलं तापली. तेव्हा बोलायला हवं होतं, हे नऊ वर्षांनी हजार मैलांवरून लिहायला काय लागतं?

पुढच्याच आठवड्यात लुपाश्कू कॉफीचा कप आणि जुनी नोंदवही घेऊन तळघरात उतरले.

"आग्लायाबाई, बसा ना तुम्ही," ते म्हणाले. त्यांनी तिला अहो-जाहो केलेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं.

ते निवृत्त होत होते, सत्कार ठरला होता. मासिकातला तो लेख त्यांनीही वाचला होता. मेणाची ही गोष्ट शहाऐंशी सालीच आपल्या संस्थेत दिसली होती, असं त्यांना भाषणात सांगायचं होतं. तो शेरा तेवढा आड येत होता. वहीच्या पानांवर क्रमांक आणि शिक्के होते, त्यामुळे पान काढता येत नव्हतं. म्हणून शेऱ्याखाली तिने दोन ओळी लिहाव्यात: नळी मुळात स्वच्छ होती, त्या दिवशी माझाच गैरसमज झाला आणि मीच ती अस्वच्छ असल्याचं सांगितलं.

"तुमचं नावही धुऊन निघेल," ते म्हणाले.

आग्लायाने हात पुसले, पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं. दोनाच्या चार ओळी झाल्या. नळी स्वच्छ होती. मी त्याच दिवशी तसं सांगितलं होतं. अस्वच्छ हा शब्द डॉक्टर लुपाश्कू यांचा आहे. सही माझ्याकडून करून घेतली. खाली तारीख आणि नाव.

लुपाश्कूंनी वाचलं. कान लाल झाले.

"हे मी लोकांसमोर कसं वाचू?"

"मोठ्याने," ती म्हणाली. "मागच्या वेळी वाचलं होतंत तसं."

ते वही मिटून निघून गेले. सत्काराच्या भाषणात अठराव्या नळीचं नावही निघालं नाही. वही पुन्हा कपाटात गेली, आणि तिच्या चार ओळी कुणी वाचल्याचं तिच्या कानावर आलं नाही. दारातली चार भोकंही तशीच राहिली.

सत्काराच्या दिवशी वरून टाळ्या ऐकू येत होत्या. आग्लाया मोरीपाशी नळ्या धूत होती. लुपाश्कूंचा कप कट्ट्यावर ते ठेवून गेले तिथेच होता, तळाशी वाळलेल्या कॉफीसकट. भोवतालचं सगळं तिने धुतलं. कपाला हात लावला नाही.