परदेशी डॉक्टर येणार, असं मी छापलं

परदेशातून आलेली ती पोरगी डॉक्टर नव्हती. ती डॉक्टर आहे हे खोटं मी छापलं होतं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. मी कोल्हापुरात कॉलेजला होतो आणि मोर्च्यांची पत्रकं लिहायचो. शाहूपुरीतल्या प्रेसवाल्यानं मला एका संस्थेकडं धाडलं. ही संस्था बाहेरच्या देशांतली तरुण पोरं नेसरीकडच्या खेड्यांत आणायची. त्यांनी सकाळी शाळेत इंग्रजी शिकवायचं, दुपारी दवाखान्यात हातभार लावायचा. मी दुभाष्या, आणि पत्रकवालाही. पहिल्या पत्रकात 'स्वयंसेविका' लिहिलं, तर संस्थेचा चालक म्हणाला, "ह्याला कोण कुत्रं येणार? जरा वजनदार लिव की." मी 'परदेशी महिला डॉक्टर' लिहिलं. मोर्च्यातल्या दोनशे माणसांचे दोन हजार करायची सवय होती, त्यात काय एवढं!

पोरगी एकोणीस वर्षांची. डॉक्टरकीला अजून प्रवेशसुद्धा मिळाला नव्हता. संस्थेनं फोटोसाठी तिच्या अंगावर पांढरा कोट चढवला होता. रक्तदाब मोजायचा, आकडा वहीत लिहायचा आणि खरे डॉक्टर आले की वही त्यांच्यापुढं ठेवायची, एवढंच तिचं काम. पत्रकात छापलेल्या दिवशी डॉक्टर आलेच नाहीत.

बायकांची रांग मात्र पार रस्त्यापर्यंत. दुपारी एक आई लेकीला घेऊन पुढं आली. लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. पाय इतके सुजलेले की जोडवी मांसात रुतलेली.

"डोस्कं लई ठणकतंय हिचं," आई म्हणाली. "डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात म्हणती."

पोरीनं दंडाला पट्टा बांधला, मोजलं. परत मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. मला इंग्रजीत हळूच म्हणाली, "फार वर आहे. हिला कधीही झटका येईल. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायला सांग."

मी सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, गडहिंग्लजला न्या. लगेच."

"ते कशाला?" आईनं कमरेवर हात ठेवले. "तिथं नेलं की पोट फाडत्यात. म्हणून तर चालत हितं आलो. डॉक्टरीण म्होरं बसलीया की! गोऱ्या हाताला गुण असतोय. सुई दे म्हणावं."

"व्हय की," मागनं एक म्हातारी. "पावणं, तुमी कशाला मधी तोंड घालतायसा?"

खरं सांगितलं तर ह्या बायका मला तुडवतील. नाही सांगितलं तर ही बाई माझ्यासमोर मरेल. लाज वाटते, पण क्षणभर मला पहिलीच भीती मोठी वाटली. पोरगी माझा दंड धरून हलवत होती. "काय म्हणतायत? उठत का नाहीत?" माझं पत्रक तिला वाचता येत नव्हतं. आपल्याला डॉक्टर केलंय, हे तिच्या गावीही नव्हतं.

"अव्वा," लेक आईला म्हणाली, "मला दिसंना झालंय."

"ती डॉक्टर न्हाय!" मी ओरडलोच. "शाळेत इंग्रजी शिकवती. पत्रकात मी खोटं लिवलंय. मावशी, पाया पडतो, हिला हलवूया."



"मुडद्या," आई म्हणाली. "सकाळधरनं हुबी हाय रं माझी लेक हितं." तिनं मारलं नाही. छातीवर दोन्ही हात ठेवून मला दाराकडं ढकललं. "जा! गाडी बघ."

डेअरीचा टेम्पो मिळाला. रिकाम्या कॅनांच्या मध्ये लेकीला निजवलं. अर्ध्या वाटेत तिला झटका आला. दात आवळले, डोळे पांढरे झाले, टाचा पत्र्यावर आपटायला लागल्या. पोरीनं तिला कुशीवर वळवलं. तेवढंच तिला येत होतं, आणि ते तिनं नीट केलं. मी पाय धरले होते.

"घट्ट धर की!" आई किंचाळली. "आता का हात कापत्यात तुझं?"

गडहिंग्लजला तिला थेट आत नेलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, खऱ्या. मुलगी झाली होती, मूठभर. बाळंतीण अजून शुद्धीवर नव्हती. "उद्यापर्यंत काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

मी सटकायच्या बेतात होतो. आईनं ओळखलं.

"कुठं निघालास? बस हितं. उद्यापतुर बस."

बसलो. दार करकरलं की आईच्या आधी मी उठून उभा राहत होतो.